सरासरी माफ करत नाही

एक हिशेब करून बघू. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरेल.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकणारी मुलगी आहे असं धरा. तिसरं वर्ष संपलंय, 90 क्रेडिट्स झालेत आणि जीपीए आहे 2.8. म्हणजे बऱ्याच विषयांत बी, काही विषयांत सी, एखाददुसरा डी. तिला डॉक्टर व्हायचंय. तिकडे बारावीनंतर थेट मेडिकलला जायची पद्धत नाही. आधी चार वर्षांची पदवी. ती कुठल्याही विषयात घेतली तरी चालते, पण बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स हे विषय बहुतेक ठिकाणी केलेले लागतात. मग एमकॅट ही परीक्षा, अर्ज, निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत. हे सगळं जमलं तर पुढे मेडिकल स्कूलची चार वर्षं. 2023-24 साली तिथल्या एमडी कॉलेजांसाठी सुमारे साडेबावन्न हजार जणांनी अर्ज केले. जागा मिळाली सुमारे 23 हजार जणांना. जागा मिळालेल्यांचा सरासरी जीपीए होता 3.77.

आता असं समजा की ही मुलगी सुधारली. चौथ्या वर्षी 30 क्रेडिट्स घेतले आणि प्रत्येक विषयात ए, म्हणजे 4.0. तिचा नवा जीपीए किती? 3.1. ती आणखी एक वर्ष थांबली, आणखी 30 क्रेडिट्स, पुन्हा सगळीकडे ए. 3.28. आता उलटीकडून विचारू: असेच ए मिळवत गेली तर 3.77 पर्यंत पोचायला तिला किती क्रेडिट्स लागतील? उत्तर आहे 380. वर्षाला 30 या वेगाने साडेबारा वर्षांहून थोडं जास्त. बारा वर्षांत एकदाही बी मिळवायचा नाही, आजारी पडायचं नाही, घरी काही घडू द्यायचं नाही.

गणित बिनचूक आहे. पण गणिताने एक नैतिक निर्णय गुपचूप घेऊन टाकलाय आणि आपल्याला विचारलेलं नाही. अठराव्या वर्षी जे घडलं त्याचं ओझं पंचविसाव्या वर्षी किती असावं? माणूस बदलला तर तो बदललाय हे मानायचं कधी? आणि मानायचं कोणी?

विसरणारी परीक्षा, न विसरणारी परीक्षा

आपल्याकडच्या वाचकाला हा प्रश्न लगेच आपला वाटणार नाही, कारण आपली मेडिकलची परीक्षा विसरभोळी आहे. नीट एका दिवसाची. गेल्या वर्षी 210 पडले होते आणि यंदा 640 पडले, तर प्रवेशाच्या यादीत फक्त 640 दिसतात. बारावीचे गुण पात्रतेपुरते. किती वेळा परीक्षा द्यायची यावर बंधन नाही आणि वयाची वरची मर्यादाही 2022 मध्ये निघाली. म्हणून तर लातूरला रिपीटर बॅच भरतात. मुलं एक वर्ष, दोन वर्षं, कधी तीन वर्षं खोलीत बसतात आणि पुन्हा नव्याने सुरुवात करतात. मागच्या वर्षीची परीक्षा जणू झालीच नव्हती.

यात एक मोठेपणा आहे. पाटी खरंच पुसली जाते. पण क्रूरपणाही आहे, कारण हीच परीक्षा चांगल्या गोष्टीसुद्धा विसरते. तीन वर्षं मन लावून केलेला अभ्यास, प्रयोगशाळेतला हात, शिक्षकांनी पाहिलेली चिकाटी, यातलं काहीही त्या दुपारच्या ओएमआर शीटवर उमटत नाही. त्या दिवशी ताप आला तर आलाच.

अमेरिकेची पद्धत याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिकडे एमडी कॉलेजांचे अर्ज ज्या सामाईक यंत्रणेतून जातात, तिचं नाव एएमकास. तिथे पदवीपासूनचा प्रत्येक विषय भरावा लागतो. नापास झालेला विषय पुन्हा दिला आणि ए मिळवला, तरी दोन्ही गुण धरले जातात. विद्यापीठाने स्वतःच्या गुणपत्रिकेत जुना गुण काढून टाकला असला तरी ही यंत्रणा तो धरते. डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजांच्या यंत्रणेत थोडी मुभा होती. विषय पुन्हा दिला की नवा गुण जुन्याच्या जागी बसायचा. 2017 मध्ये तीही गेली. एमकॅट जास्तीत जास्त सात वेळा देता येते, आणि दिलेल्या परीक्षांचे गुण कॉलेजांपुढे जातात.

आणि आपल्याकडे न विसरणारी परीक्षा नाहीच, असंही नाही. इंजिनिअरिंग केलेल्या कोणालाही विचारा. प्लेसमेंटच्या वेळी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागणारी ती ओळ: ‘सिक्स्टी परसेंट थ्रूआउट’. दहावीला 60, बारावीला 60, डिग्रीला 60. बारावीला 58 पडलेला मुलगा पुढे डिग्रीला वर्गात पहिला आला तरी त्या दिवशी बाहेर. त्याने सतराव्या वर्षी केमिस्ट्रीचा पेपर कसा लिहिला, याचा त्याच्या कोडशी काय संबंध, हे विचारायची सोय नाही. एक्सेलमध्ये फिल्टर लागलेला असतो आणि फिल्टरशी वाद घालता येत नाही.

म्हणजे प्रश्न अमेरिकेचा असला तरी दुखणं आपल्या ओळखीचं आहे.

सरासरीला क्रम कळत नाही

दोन विद्यार्थी घ्या. पहिल्याचे चार वर्षांचे जीपीए: 2.6, 3.0, 3.6, 4.0. दुसऱ्याचे: 4.0, 3.6, 3.0, 2.6. दोघांची सरासरी 3.3. यातला एक डॉक्टर निवडा म्हटलं तर जवळजवळ सगळे पहिल्याकडे बोट दाखवतील. सरासरी मात्र म्हणते की दोघांत काडीचाही फरक नाही. सरासरी काढायची तर आधी क्रम फेकून द्यावा लागतो, आणि माणसाच्या आयुष्यात क्रमालाच तर अर्थ असतो. आधी दारू आणि मग व्यसनमुक्ती, आधी व्यसनमुक्ती आणि मग दारू, या दोन गोष्टींची बेरीज एकच येते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले यावर लगेच तोडगा काढतो. सर्व्हरवरचा ताण मोजताना जुन्या आकड्यांना कमी वजन आणि ताज्या आकड्यांना जास्त वजन देतात. तसंच इथे करू. प्रत्येक वर्षाला आधीच्या वर्षाच्या दुप्पट वजन द्या: 1, 2, 4, 8. पहिला विद्यार्थी जातो 3.67 वर आणि दुसरा येतो 2.93 वर. झालं काम?

नाही झालं. दुप्पटच का? तिप्पट का नको, दीडपट का नको? तो आकडा ठरवताना आपण एक मत नोंदवत असतो: माणूस किती वेगाने बदलतो, आणि बदलल्यावर त्याचा भूतकाळ किती वेगाने जुना होतो. हे मत कुठल्याही सूत्राच्या आत सापडत नाही. ते बाहेरून, कोणीतरी, जबाबदारीने टाकावं लागतं. साध्या सरासरीतही असं एक मत दडलेलं आहे: भूतकाळ कधीच जुना होत नाही. ते इतकं सवयीचं झालंय की ते मत आहे हेच आपण विसरतो.

न्यायाने सांगायला हवं की एएमकासचा अर्ज फक्त एकच आकडा दाखवत नाही. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, पदवीनंतर केलेले विषय, अशा वेगवेगळ्या ओळी तिथे असतात. विज्ञानाच्या विषयांचा जीपीए वेगळा असतो. म्हणजे चढती कमान बघायची असेल तर ती समोर आहे. तिथल्या प्रवेशाच्या भाषेत ‘डिस्टन्स ट्रॅव्हल्ड’ असाही एक शब्द आहे: कुठे पोचलात यासोबत कुठून निघालात तेही बघायचं, कापलेलं अंतर मोजायचं. पण एकेका कॉलेजकडे हजारो अर्ज येतात. त्या गर्दीत पहिली चाळणी अनेकदा आकड्याचीच लागते. ओळी वाचल्या जातात त्या चाळणीतून उरलेल्यांच्या.

पहिल्यापासून सरळ वागलेल्याचं काय?

इथे एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. चढती कमान आपल्याला का आवडते? एक कारण भविष्याचं आहे: जो वर जातोय तो उद्याही वर असेल. दुसरं कारण गोष्टीचं आहे. पडून उठणाऱ्याची गोष्ट आपल्याला आवडते. वाल्याचा वाल्मीकी झाला हे आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगतो. जो पहिल्यापासून सरळ वागला, रोज वेळेवर उठला, कोणाचं काही बिघडवलं नाही, त्याची गोष्ट कोणी लिहीत नाही. लिहिण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

मग चारही वर्षं शांतपणे 3.6 मिळवणारी मुलगी विचारू शकते: मी सुरुवातीला अभ्यास केला ही माझी चूक का? तिने 2.6 वरून सुरुवात केली म्हणून तिच्याकडे ‘प्रवास’ आहे, आणि माझ्याकडे नुसते गुण आहेत?

या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: सुधारणेला बोनस द्यायचा नसतो. सुधारणा हे बक्षीस मिळवण्याचं कारण नाही. ती फक्त पुरावा आहे, आज हा माणूस काय करू शकतो याचा. 2.6 वरून 4.0 पर्यंत आलेली मुलगी आणि सतत 3.6 वर राहिलेली मुलगी यांच्यात निवड करायची तर दोघींची आजची कुवत शेजारी ठेवून बघा. पहिलीच्या भूतकाळाचं ओझं वाढवू नका आणि त्याचं भांडवलही करू नका. जिने घसरण अनुभवलीच नाही तिच्यावर अन्याय होतो तो तेव्हा, जेव्हा आपण न्यायाच्या जागी गोष्ट बसवतो. प्रवेशाच्या निबंधात दुःखाची स्पर्धा लागते ती यामुळेच. कोणाचं संकट जास्त रंगतदार, यावर जागा ठरू लागली तर सरासरीचा अन्याय परवडला.

रुग्णाच्या बाजूने

आत्तापर्यंत बोललो ते विद्यार्थ्याच्या बाजूने. पण खोलीत आणखी एक माणूस आहे आणि तो खाटेवर आहे. त्याला मुलीचा प्रवास ऐकायचा नाहीये. औषधाचा डोस चुकू नये एवढंच त्याला हवंय.

2022 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात एक प्रकरण गाजलं. मेटलंड जोन्स हे ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे नावाजलेले प्राध्यापक. या विषयावर त्यांचं पाठ्यपुस्तक आहे. त्यांच्या वर्गातल्या सुमारे 350 विद्यार्थ्यांपैकी 82 जणांनी तक्रारीच्या अर्जावर सह्या केल्या: विषय फार अवघड केलाय, मेहनतीच्या मानाने गुण फार कमी पडतात. यातल्या अनेकांना मेडिकलला जायचं होतं. त्यांना कामावरून काढा अशी मागणी त्या अर्जात नव्हती, पण विद्यापीठाने त्यांना काढलं. मग दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलं. एक बाजू म्हणाली, विषय येत नसलेली माणसं डॉक्टर झालेली चालतील का? दुसरी म्हणाली, करोनाच्या काळात घरात बसून शिकलेल्या मुलांना चाळून बाहेर टाकणं म्हणजे शिकवणं का?

त्याच शहरात याच्या अगदी उलट जाणारा एक जुना प्रयोग आहे. माउंट सायनायच्या मेडिकल स्कूलने 1987 मध्ये साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय शिकणाऱ्या काही मुलांना पदवीच्या मधल्या वर्षांतच प्रवेश द्यायला सुरुवात केली. एमकॅट नाही, ऑरगॅनिक केमिस्ट्रीची सक्ती नाही. 2010 मध्ये डेव्हिड म्युलर आणि नेथन केस यांनी या मुलांची कामगिरी तपासून प्रसिद्ध केली. परवान्याच्या पहिल्या परीक्षेत ही मुलं थोडी मागे होती, पण एकूण मेडिकलच्या शिक्षणात ती नेहमीच्या वाटेने आलेल्या मुलांच्या बरोबरीने चालली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक दिसतं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला सी काहीतरी सांगतो, पण आपण समजतो तितकं सांगत नाही. त्या सीच्या मागे विषय न समजणं असू शकतं. रात्रपाळीची नोकरी असू शकते. वडिलांचं आजारपण, नवा देश, न झेपणारं इंग्रजी, किंवा एकोणिसाव्या वर्षी असतो तो साधा आळस. गुणपत्रिकेवर या सगळ्यांचं अक्षर एकच.

रुग्णाला हवंय ते यापेक्षा वेगळं आहे. त्याला असा डॉक्टर हवाय, ज्याला स्वतःला काय येत नाही हे वेळेत कळतं. या एका गोष्टीची परीक्षा 2.8 वाल्या मुलीने दिलेली असते, 3.9 वालीला ती द्यायची वेळ आलेली नसते. याचा अर्थ 2.8 चांगले, असा काढू नका. अर्थ एवढाच की त्या 2.8 चं पुढे काय केलं, यात रुग्णाच्या कामाची माहिती आहे आणि सरासरी ती माहिती पुसून टाकते.

गुण सुधारणं आणि सुधारणं

मग त्या 2.8 चं करायचं काय? जीपीए वर आणायचे दोन रस्ते आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

पहिला रस्ता आकड्याचा. सोपे विषय शोधायचे. कोणते सर सढळ हाताने ए देतात ते विचारून घ्यायचं. अवघड विषय जिथे सोपा शिकवतात अशा कॉलेजात जाऊन तो करायचा. यात बेकायदा काही नाही आणि आकडा खरंच वाढतो.

दुसरा रस्ता कारणापासून सुरू होतो. प्रत्येक वाईट गुणाशेजारी एक ओळ लिहायची: हा का पडला? पाया कच्चा होता, वेळ नव्हता, मन ठिकाणावर नव्हतं, की अभ्यास करायचा म्हणजे नक्की काय करायचं हेच माहीत नव्हतं? कारण कळलं की पुढची पायरी बहुतेक वेळा वेग कमी करायची असते. एका सत्रात पाच विषयांऐवजी तीन. नोकरीचे तास कमी करता येत असतील तर कमी. जे थांबवता येत नाही ते चालू असेपर्यंत अर्जच न करणं. त्यानंतर अवघड विषय: बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जिथे जुना कच्चा पाया उघडा पडतो आणि पुन्हा भरावा लागतो. पदवीनंतर हे विषय करायची सोय तिकडे आहे, तिला पोस्ट-बॅक म्हणतात. काही विद्यापीठांत खास मास्टर्सचे अभ्यासक्रम आहेत. जॉर्जटाउन विद्यापीठातला प्रसिद्ध आहे. तिथे हे विद्यार्थी मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसोबत तेच विषय शिकतात आणि त्यांच्याच तुलनेत तपासले जातात. गंमत म्हणजे मास्टर्सचे गुण एएमकासमध्ये वेगळे धरले जातात, पदवीच्या जीपीएत मिसळत नाहीत. तिथे एवढी मेहनत करून जुना आकडा एका दशांशानेही हलत नाही. तरी लोक करतात. आकडा हलत नसतानाही केलेली मेहनत नेमकी काय सिद्ध करते, हे वाचणाऱ्याला कळतं, एवढाच त्यांचा भरवसा.

आपल्या परंपरेत कर्माचे तीन भाग सांगतात. संचित म्हणजे साठलेलं. प्रारब्ध म्हणजे त्यातलं या जन्मी भोगायला आलेलं. क्रियमाण म्हणजे आत्ता हातून होत असलेलं. कर्मसिद्धांत कोणाला पटो न पटो, त्यात एक बारकावा आहे जो जीपीएत नाही. तिथे पाप आणि पुण्य यांची सरासरी निघत नाही. प्रत्येकाचं फळ वेगळं, आणि फळ भोगून झालं की ते कर्म संपतं. खातं बंद होतं. जीपीएत मात्र काहीच भोगून संपत नाही. पहिल्या सत्रातला डी तुम्ही त्याच सत्रात भोगलात, स्कॉलरशिप गेली तेव्हा भोगलात, उन्हाळ्यात विषय पुन्हा दिलात तेव्हा भोगलात. आणि सात वर्षांनी अर्ज करताना तो पुन्हा पूर्ण ताकदीने हजर.

हाना आरेंट यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्युमन कंडिशन’ या पुस्तकात मांडलेला एक विचार इथे कामाचा आहे. घडलेलं परत फिरवता येत नाही, या अडचणीवर माणसाकडे एक उपाय आहे: क्षमा. उद्या काय होईल सांगता येत नाही, या अडचणीवर दुसरा: वचन. मला वाटतं, वाईट गुणांनंतर केलेला अभ्यास आपण चुकीच्या खणात टाकतो. आपण त्याला प्रायश्चित्त समजतो, जणू पुरेसे ए मिळवले की डी धुतला जाईल. तसा तो धुतला जात नाही, वरचं गणित तेच सांगतं. तो अभ्यास वचन म्हणून वाचायला हवा. तीन वर्षं, अवघड विषयांत, कोणी बघत नसताना पाळलेलं वचन. डॉक्टरकडून आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

सुधारण्याची किंमत

आता या सगळ्यातली कडू गोष्ट. दुसरा रस्ता महाग आहे. पोस्ट-बॅक फुकट नसतं, खास मास्टर्स तर नाहीच. फी हजारो डॉलरांत जाते आणि वरून तेवढा काळ पगार नाही. ज्या मुलीचे गुण रात्रपाळीमुळे पडले, तिलाच ते दुरुस्त करायला पैसे लागणार, आणि पैसे नव्हते म्हणून तर रात्रपाळी होती. ज्याच्या घरी पैसा आहे त्याचा आळस दोन वर्षांत ‘प्रेरणादायी प्रवास’ होतो. जिच्या घरी नाही तिचं संकट 2.8 वर गोठून राहतं. नीटमध्ये वेगळं काही नाही. रिपीटर बॅचची फी आणि वर्षभराच्या मेसचा खर्च ज्याला झेपतो त्याचीच पाटी पुसली जाते.

म्हणजे ‘माणूस बदलू शकतो’ हे तत्त्व मान्य करून भागत नाही. बदललो हे दाखवायला जी जागा लागते ती विकत घ्यावी लागत असेल, तर क्षमेलाही दरपत्रक लागलं.

टेक्सासमध्ये एक कायदा आहे, अकॅडमिक फ्रेश स्टार्ट नावाचा. दहा किंवा अधिक वर्षांपूर्वीचे गुण विचारात घेऊ नका, असं तिथल्या रहिवाशाला राज्याच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मागताना म्हणता येतं. अट अशी की वेचून घेता येत नाही. जुने ए ठेवा आणि जुने डी काढा, असं चालत नाही. सोडायचं तर सगळं सोडायचं. त्या काळात शिकलेलं चांगलंही मोजलं जात नाही.

मला हा कायदा विचार करायला लावतो, कारण तो प्रामाणिक आहे. विसरण्याची किंमत काय ते तो उघड सांगतो. पण तो वाचल्यावर माझं मत उलट पक्कं झालं. माझ्या ओळखीत उशिरा शिकून पुढे गेलेली जी माणसं आहेत, त्यांच्यातल्या कोणालाही जुनं सगळं पुसायचं नव्हतं. त्यांना ते कोणीतरी क्रमाने वाचायला हवं होतं. विसरा, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. शेवटच्या पानापर्यंत वाचा, एवढंच होतं.

वाचणारा माणूस

माझं म्हणणं एवढंच आहे. गुण लक्षात ठेवण्यात अन्याय नाही. सगळं लक्षात ठेवून ते एका आकड्यात दाबण्यात अन्याय आहे, कारण त्या आकड्याच्या आड निर्णय घेणारा लपतो. ‘3.0 च्या खाली म्हणून नाही’ असं म्हणताना कोणालाच काही ठरवावं लागत नाही. चार वर्षांच्या ओळी वाचून ‘नाही’ म्हणायचं तर स्वतःच्या नावाने म्हणावं लागतं. त्यात वेळ जातो, चूक होऊ शकते, पक्षपात शिरू शकतो. सरासरीचा मोठा फायदा हाच आहे की ती कोणाची ओळख बघत नाही, आणि आपल्या देशात ओळखीने काय काय होतं ते माहीत असल्यामुळे हा फायदा मी हलका समजत नाही. म्हणून आकडा काढून टाका असं मी म्हणणार नाही. आकडा दारापाशी असू द्या, पण दार त्याने एकट्याने लावू नये. काठावरच्या प्रत्येक अर्जासाठी, ‘नाही’ म्हणण्याआधी एका माणसाने वर्षांच्या ओळी वाचायला हव्यात. हजारो अर्जांत हे परवडत नाही, असं सांगितलं जातं. परवडत नसेल तर निदान असं म्हणावं की आम्हाला वाचायला वेळ नव्हता. तुम्ही योग्य नाही, असं म्हणू नये. ही दोन वाक्यं वेगळी आहेत, आणि नकार मिळालेल्या माणसाच्या पुढच्या आयुष्यात हा फरक फार मोठा असतो.

त्या 2.8 वाल्या मुलीला काय सांगायचं? 3.77 चा पाठलाग सोड, हे पहिलं. तो आकडा तुला बारा वर्षं मिळणार नाही आणि तो तुझा प्रश्नही नाही. पुढची साठ क्रेडिट्स अशी कर की ती ओळ एकटी वाचली तरी कोणालाही त्यात डॉक्टर दिसावा. तरीही जागा मिळेलच असं नाही. पण तो अभ्यास वाया जात नाही, कारण तो आकड्यासाठी केलेला नसेल.

आणि हे वाचणाऱ्या, आता दोन-चार वर्षं नोकरीत मुरलेल्या माझ्या वयाच्या लोकांना: ‘सिक्स्टी थ्रूआउट’वर आपण कॉलेजात चिडलो होतो. आता कँपसला जायची, रेझ्युमे चाळायची वेळ आपल्यावर येते. एचआरकडून शीट येते, फिल्टर आधीच लावलेला असतो. तो काढायला दोन क्लिक लागतात.

खाली लपलेल्या ओळी उघडा. वाचा. मग नाही म्हणायचं तर म्हणा.